मोजून होईपर्यंत हात वर

सकाळी चालायला निघाले तर कोपऱ्यावरच्या घराच्या अंगणात निवडणुकीच्या तीन पाट्या. दोन एका पक्षाच्या, एक दुसऱ्याच्या. म्हणजे घरातच दोन तट पडलेत. पाट्यांच्या मधोमध एक गुबगुबीत भोपळा ठेवलाय आणि त्याच्या डोक्यावर मेपलचं एक लाल पान येऊन बसलंय. मला उगीचच हसू आलं. मला इथे अजून मत नाही, त्यामुळे कोण जिंकतं याची उत्सुकता शेजाऱ्याच्या क्रिकेट मॅचइतकीच. पण अटलांटाजवळच्या आमच्या अल्फारेटात ऑक्टोबर लागला, पाइनच्या सुया ड्राइव्हवेवर साचल्या, हायस्कूलच्या मैदानावरचे ढोल संध्याकाळी ऐकू यायला लागले, की मला मतं मोजल्याचं आठवतं. पाच वर्षांपूर्वीच्या अशाच पानगळीत मी ती मोजली होती. आमच्या मंडळात तेव्हा महाभियोग चालला होता.

हो, महाभियोगच. हसा खुशाल. शंभरेक घरांचं मराठी मंडळ, वर्षातून चार कार्यक्रम, त्यातल्या दोनांत माइक बंद पडतो आणि एकात जेवण कमी पडतं. पण घटना मात्र तेरा पानांची, टाइप केलेली, कलमं आणि उपकलमं घातलेली. मराठी माणूस सातासमुद्रापार गेला तरी पुण्यातल्या सोसायटीची वार्षिक सभा त्याच्या अंगातून जात नाही. दोन माणसं एकत्र आली की चहा होतो, चार आली की कार्यकारिणी होते.

ती घटना लिहिली होती डॉक्टरकाकांनी. हाडांचे डॉक्टर, तीसेक वर्षांपूर्वी इकडे आलेले, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी आणि सुमनकाकूंनी आपल्या बेसमेंटमध्ये सात कुटुंबं जमवून मंडळ सुरू केलं. मी आले त्याच्या फार नंतर, नवऱ्याच्या, महेशच्या, व्हिसावर. पुण्यात लॉ केलेलं, दोन वर्षं एका वकीलसाहेबांच्या मागे फायली घेऊन कोर्टात फिरलेली, आणि इथे आल्यावर कळलं की आपल्या व्हिसावर साधी दुकानातली नोकरीसुद्धा करता येत नाही. महेश ऑफिसला गेला की मी, डिशवॉशर आणि खिडकीतली खार. काकांनी पहिल्याच भेटीत ‘काय शिकलीयस?’ म्हणून विचारलं आणि तेव्हापासून मला ‘वकिलीणबाई’ म्हणायला लागले. काय सांगू, त्या एका हाकेवर मी चार वर्षं काढली.

काकांना एक भलतंच वेड होतं. काही वर्षांपूर्वी इथल्या सिनेटमध्ये राष्ट्राध्यक्षांवर खटला चालला, तो त्यांनी टीव्हीसमोर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला होता आणि वहीत टिपणं काढली होती. मी गेले की ती निळी वही निघायची. काकू म्हणायच्या, “झालं! आता ही पोरगी पोह्यांना मुकली.” काका ढिम्म. “अनघा, लोक शेवटच्या मताकडे डोळे लावून बसतात. शेवटच्या मतात काही नसतं. खटला रद्द करावा का, साक्षीदार बोलवावेत का, असली कंटाळवाणी मतं आधी होतात ना, त्यातच सगळं असतं. तो आकडा बघायचा आणि निकाल वहीत लिहून मोकळं व्हायचं.” मला ते फार पटायचं. पुण्यातले आमचे वकीलसाहेबही म्हणायचे, पहिल्या तारखेला जज काय नाकारतो ते बघ.

तर महाभियोग ज्याच्यावरून झाला तो गणपती. मंडळाची मूर्ती शाडूची, दीड हात उंच, पेणहून आणलेली. काकूंनी ती मुंबईपासून अटलांटापर्यंत मांडीवर घेऊन आणली होती. विमानातल्या बाईने ‘वर ठेवू का’ विचारलं तर काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं म्हणे की ती पुन्हा त्या रांगेत फिरकली नाही. दर श्रावणात काकू मूर्ती पेटीतून काढायच्या, डेकवर उन्हात बसायच्या आणि बारीक ब्रशने रंगाचा हात फिरवायच्या. सोवळं पिवळं, शेला हिरवा, आणि सगळ्यात शेवटी डोळे. डोळे रंगवताना त्यांच्याशी बोलायचं नाही. काकासुद्धा तेवढा वेळ दबकत चालायचे.

आणि विसर्जन? विसर्जन सुपारीचं. मूर्तीपुढे सुपारी पुजायची, शेवटच्या दिवशी ती बादलीत बुडवायची, बादलीतलं पाणी काकूंच्या गुलाबांना. मूर्ती परत पेटीत. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ असं ओरडून ओरडून घसा बसवायचा आणि ज्याला सांगायचं त्यालाच उचलून बेसमेंटमध्ये ठेवायचा! त्यात आम्हाला कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. इकडच्या बहुतेक मंडळांत तसंच चालायचं.

मग एका वर्षी गणपती संपले त्याच दिवशी काकू हॉस्पिटलात गेल्या आणि पंधरा दिवसांत गेल्याच. सगळं इतकं पटकन झालं की डेकवरचा त्यांचा ब्रश कपातल्या पाण्यातच राहिला होता. तो मी धुतला. मला तेव्हा आई गेल्यासारखं रडू आलं होतं आणि ते मी कुणाला दाखवलं नाही.

पुढच्या वर्षी अध्यक्ष झाला श्रीरंग. नागपूरचा, एकतिशीचा, सॉफ्टवेअरवाला, एकटाच राहायचा. मोठ्याने हसायचा, मोठ्याने बोलायचा. त्याची नोकरी गेली होती तेव्हा चार महिने तो दर रविवारी काका-काकूंकडे जेवायचा, आणि नोकरी परत लागल्यावरही त्याने ते रविवार सोडले नव्हते. काकू त्याला ‘आमचा भाडेकरू’ म्हणायच्या. आमच्याकडे रिवाज असा की गणपतीची सगळी जबाबदारी अध्यक्षाची. काकूंच्या वर्षश्राद्धासाठी काका दोन महिने नाशिकला चालले होते. जाण्याआधी त्यांनी पेटी श्रीरंगच्या गाडीत ठेवली. “सांभाळून रे,” एवढंच म्हणाले.

गणपतीच्या दोन दिवस आधी, पुसायला म्हणून श्रीरंगने आणि मी त्याच्या गॅरेजमध्ये पेटी उघडली. मूर्तीचा उजवा हात, आशीर्वादाचा, मनगटात मोडलेला होता. मोडलेला आणि बसवलेला. त्यावर प्लास्टरची पट्टी गुंडाळली होती, पडलेल्या मुलाच्या हाताला घालतात तशी, अगदी नेटकी, कडा आत दुमडलेली. अंगठ्यापाशी जरा जागा सोडलेली, रक्त फिरावं म्हणून. अशी पट्टी बांधणारा माणूस आमच्या मंडळात एकच होता.

“वहिनी,” श्रीरंग म्हणाला, “हे काकांनी कोणाला सांगितलं नाही ना? मग आपणही नाही सांगायचं.”

“अरे, पण मूर्ती भंगली. पूजेला कशी ठेवणार?”

“नाही ठेवायची. विसर्जन करू. काय आहे ना, काका परत आले की त्यांना हे सगळ्यांसमोर बोलावं लागेल. मूर्ती दिसली नाही तर विषयच निघणार नाही.”

भंगलेली मूर्ती पुजत नाहीत, ती पाण्यात सोडतात, हे तर खरंच. आणि बाकीचं मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं. कार्यक्रमासाठी आम्ही एका काकूंच्या देव्हाऱ्यातला चांदीचा गणपती मागून आणला आणि रविवारी सकाळी श्रीरंग, महेश आणि मी चॅटाहूची नदीवर गेलो. नदीवर धुकं होतं, पाणी बर्फासारखं. श्रीरंगने मूर्तीच्या हातावर झेंडूची माळ गुंडाळली होती, त्यामुळे महेशलाही काही दिसलं नाही. श्रीरंग गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा राहून मूर्ती धरून होता. शाडू सावकाश विरघळत गेला. पंचवीस वर्षांनी त्या गणपतीला पहिल्यांदा पाणी मिळालं, असं काहीतरी माझ्या मनात आलं. शेवटी, महेश गाडीकडे वळल्यावर, पट्टी सुटून वर तरंगली. श्रीरंगने ती उचलली, पिळली आणि पँटच्या खिशात घातली.

त्या दुपारी कार्यक्रमात स्टेजवर त्याने माइक घेतला. “आपली मूर्ती जुनी झाली होती. आज सकाळी तिचं विसर्जन केलं. निर्णय माझा, कोणाला विचारलं नाही.” बास, संपलं. सभागृहात मोहोळ उठलं. आरती राहिली बाजूला आणि लोक चपला घालूनच भांडायला लागले.

काका परतले ते अशाच दिवसांत. ड्राइव्हवेवर पानांचा थर, सगळीकडे पानं उडवणाऱ्या ब्लोअरची घरघर. ते माझ्याकडे आले, चहा नको म्हणाले आणि एक लिफाफा पुढे केला. कलम अकरा: मंडळाच्या मालमत्तेची कार्यकारिणीच्या मंजुरीशिवाय विल्हेवाट लावल्यास अध्यक्षाला सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश मतांनी पदावरून दूर करता येईल. खाली काकांची सही.

“काका, एकदा त्याच्याशी बोला ना.”

“त्याने पेटी उघडून एकदा नीट बघितलं तरी असेल का गं? जुनं झालं म्हणून टाकून दिलं. ती बाई पंचवीस वर्षं रंगवत होती.” त्यांचा आवाज चढला नाही, पण लिफाफा धरलेला हात भयंकर थरथरत होता. काकू गेल्यापासून ती थरथर वाढली होती.

खरं सांगते, मला त्यांचा राग आला. हात मोडला ते यांना माहीत, बसवला यांनी, आणि तक्रार त्या पोरावर? मग कळलं की त्यांना वाटतंय आम्ही काही पाहिलंच नाही. मी तोंड उघडलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण मी श्रीरंगला शब्द दिला होता. त्याला फोन केला तर म्हणाला, “वहिनी, पदाचं काय घेऊन बसलात, गेलं तर गेलं. पण मालमत्तेची विल्हेवाट लावली म्हणून काढला, असं इतिवृत्तात लिहिलं गेलं तर मी काकांच्या घरी रविवारी जेवायला कोणत्या तोंडाने जाऊ?” आणि लगेच, “तरीपण सांगायचं नाही.” एका वाक्यात सुटला असता तो. ते वाक्य त्याने गिळून टाकलं आणि मलाही गिळायला लावलं.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी सभा. जागा एका प्राथमिक शाळेचं कॅफेटेरिया, कारण भाडं परवडणारं तेवढंच. टेबलांना जोडलेले इवलेसे स्टूल, त्यावर बसलेले आमचे साठीतले इंजिनिअर आणि डॉक्टर, गुडघे हनुवटीपाशी. भिंतीवर पोस्टर: बोलायचं असेल तर हात वर करा. बाहेर स्वच्छ ऊन, पिवळ्या बसेस ओळीने उभ्या. अध्यक्षावरच आरोप, उपाध्यक्ष भारतात, तेव्हा घटनेप्रमाणे सभा चालवणार सचिव. म्हणजे मी. नेसायला मुद्दाम कोर्टातली पांढरी साडी काढली होती. आरशात बघितल्यावर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

माझ्यासकट बासष्ट जण. मला मत नाही, श्रीरंगलाही नाही, कारण आरोप त्याच्यावर. उरले साठ. त्याला काढायला चाळीस हवे. काका पहिल्या टेबलापाशी निळी वही उघडून बसले. त्यांच्या शेजारी वसंतकाका, निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, नियमाचे इतके पक्के की रिकाम्या रस्त्यावरसुद्धा स्टॉप साइनला तीन सेकंद मोजायचे.

पहिला घाव निखिलने घातला. हा पुण्याचा, श्रीरंगचा मित्र. “ताई, माझा प्रस्ताव आहे की ही तक्रार ऐकूच नये. मूर्ती ही मालमत्ता नाही. तो देव आहे यार, देवाची कसली विल्हेवाट!” तरुण मंडळींनी टाळ्या वाजवल्या. वसंतकाका सावकाश उठले आणि मंडळाच्या मालमत्तेची यादी वाचायला लागले. “एक, गणपतीची मूर्ती. दोन, झांजा सहा जोड. तीन, मोठं पातेलं, झाकणासह. यादीवर सही कोणाची? गेल्या वर्षीचे सहसचिव श्री. निखिल.” हशा पिकला. निखिल खाली बसला.

मी मतदानाचा नियम वाचून दाखवला. तोही काकांचाच: मोजून होईपर्यंत हात वर ठेवायचा, मध्येच खाली आला तर ते मत धरलं जाणार नाही. एकदा कुणीतरी हात वर केला, बायकोने बघितलं, तसा खाली घेतला आणि त्यावरून तीन महिने वाद चालला, तेव्हापासूनचं ते कलम. मी दाराच्या बाजूने मोजायला सुरुवात केली. तक्रार ऐकू नये: बावीस. ऐकावी: अडतीस. काकांनी उजवा हात वर केला होता आणि तो स्थिर राहावा म्हणून डाव्या हाताने कोपर धरलं होतं. मोजून झालं तसं त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघांनाही कळलं. अडतीस. फक्त दोन कमी.

दुसरं मत, शेवटचं मतदान उघड घ्यायचं की चिठ्ठ्यांनी. हे मात्र सुटता सुटेना, कारण निखिल म्हणाला की यावरचं मतदानच गुप्त हवं. वसंतकाका म्हणाले, मग ते गुप्त हवं की नको यावर आधी उघड मतदान घ्या. अर्धा तास! एक काकू पर्समधून विणकाम काढून बसल्या. मी शेवटी टेबलावर डाव आपटला, हातोडा कुठून आणणार, आणि निर्णय दिला, हात वर. उघड: चौतीस. गुप्त: सव्वीस. काकांची चाल मला दिसत होती. उघड मतदानात भीड पडते. ज्यांच्या घरी पहिले तीन आठवडे राहिलो, ज्यांनी सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात नेलं, पहिली गाडी घेताना जे सोबत आले, त्या काकांसमोर हात विरुद्ध कसा वर करायचा? दोन मतं भिडेनेच मिळाली असती. काका चांगले होते हो, पण त्या दिवशी ते जिंकायला आले होते.

मग चहा. सगळं राजकारण तिथेच झालं, थर्मासच्या तोटीपाशी. वसंतकाका एकेकाला वडा देत होते आणि वड्याबरोबर कलम अकरा. निखिल दुसऱ्या टोकाला चिवड्याच्या डब्यापाशी तेच करत होता. विणकामवाल्या काकू माझ्याजवळ आल्या. “तू का गं अशी तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी? बरं नाही का?” मी म्हटलं, “बरी आहे.” काका एकटेच खिडकीशी उभे राहून बाहेरच्या झाडाकडे बघत होते. श्रीरंग त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा घेऊन गेला, शेजारच्या टेबलावर ठेवला आणि परत आला. काकांनी तो प्यायला. न पिऊन सांगतात कुणाला!

चहानंतर वसंतकाकांनी विचारलं, “मूर्ती पेटीतून काढली तेव्हा तिथे कोण होतं?”

दुसरं कोण सांगणार? “श्रीरंग,” मी म्हटलं, “आणि मी.”

“मग सचिवांनीच साक्ष द्यावी. मूर्ती कशी होती, जुनी म्हणजे किती जुनी, ते सभेला कळू दे. माझा प्रस्ताव, साक्षीदार बोलवावा.”

निखिल खूश झाला. त्याला वाटलं मी श्रीरंगच्या बाजूनेच बोलणार. तोही ‘हो, हो’ करायला लागला, आणि तेवढ्यात श्रीरंग उभा राहिला. “साक्षीदार नको.”

“अरे यार, काय करतोयस? तुझ्याच फायद्याचं आहे ना!”

“नको म्हटलं ना. अध्यक्ष आहे अजून मी. माझ्या बाजूची माणसं असतील त्यांनी विरोधात हात वर करा.”

सगळा गोंधळच. पक्ष राहिलेच नाहीत. त्याच्या बाजूचे काही त्याच्या शब्दावर गेले, काहींना साक्ष हवी होती. ज्येष्ठांतही काहींना मला, घरच्या मुलीला, असं उभं करणं पटेना. मी दाराकडून मोजलं, मग खिडकीकडून मोजलं. तीस आणि तीस. समसमान मतं पडली तर निर्णायक मत सभा चालवणाऱ्याचं. कलम नऊ.

‘बोलवा’ म्हटलं असतं तर पाच मिनिटांत श्रीरंग सुटला असता, आणि भरल्या सभेत काकांची मान खाली गेली असती. ‘नको’ म्हटलं तर पुढची दोन मतं कुठून येणार ते मी वड्यांच्या टेबलावर बघितलं होतं. लॉ केल्यापासून माझ्या शब्दावर काही ठरण्याची ती पहिलीच वेळ. श्रीरंग माझ्याकडे बघत होता. त्याने मान हलवली, अगदी जराशी.

“साक्षीदार नको,” मी म्हटलं.

“वा! म्हणजे स्वतःच स्वतःला वाचवलं!” मागून कुणीतरी ओरडलं. माझे कान तापले. पण काका माझ्याकडे बघत नव्हते. ते श्रीरंगकडे बघत होते, एकटक. साक्षीदार नको म्हणणारा माणूस काहीतरी लपवतोय किंवा कुणाला तरी, हे कळायला त्यांना वही लागत नव्हती. त्यांनी ती मिटली.

“वकिलीणबाई, कलम चौदा.”

कलम चौदा म्हणजे तक्रारदाराचं समारोपाचं निवेदन. मला एकदम कळलं ते काय करणार आहेत. “काका, ते ऐच्छिक आहे. नाही केलंत तरी चालेल.”

“मीच लिहिलंय ते. मला माहीत आहे.” ते टेबलाला धरून उभे राहिले. “गेल्या वर्षी सुमन हॉस्पिटलात होती, तेव्हा मूर्ती मी एकट्यानेच पेटीत ठेवली. माझे हात कसे आहेत ते तुम्ही बघताच. माझ्या हातून मूर्तीचा हात मोडला. चाळीस वर्षं लोकांचे हात बसवले, म्हटलं हाही बसवू. बसवला. तिला म्हटलं घरी आलीस की सांगेन. ती घरी आली नाही. मग सांगायला कोणी राहिलंच नाही.” त्यांनी श्रीरंगकडे बोट केलं. “मला वाटलं, या पोराने न बघताच मूर्ती बुडवली. त्याने बघून बुडवली. आणि महिनाभर तुमच्या सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या.”

काका श्रीरंगकडे वळले. “पट्टी कशी होती रे? नीट बसली होती?”

“एकदम फर्स्ट क्लास, काका.” श्रीरंग रडत होता आणि हसतही होता. “पाण्यात सुटायलाच किती वेळ लागला. नदीत नाही टाकली. घरी ठेवून दिलीय.”

मी रडले. सभा चालवणाऱ्याने रडू नये असं कुठल्या कलमात नाही, मी नंतर तपासलं.

त्या दिवसाचं इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे. काकांच्या निवेदनाचा तपशील त्यात नको, असा ठराव सगळ्यात शेवटी निखिलने मांडला आणि तो एकमताने झाला. त्यामुळे तिथे फक्त ‘तक्रारदारांनी निवेदन केले’ एवढंच आहे. मीही पाच वर्षं गप्प होते. परवा काकांना विचारलं, लिहू का? म्हणाले, “लिही. आता सांगितलं की बरं वाटतं. फक्त माझं वय लिहू नकोस.” ते आता दर श्रावणात डेकवर बसून मुलांकडून शाडूचा गणपती करून घेतात. स्वतः हात लावत नाहीत, सूचना मात्र अखंड. मुलं ‘ओके काका, ओके काका’ करत मनासारखा करतात. एका वर्षीच्या गणपतीचे कान दोन्ही बाजूंना दोन तऱ्हेचे होते. विसर्जन नदीत, खरं. श्रीरंगचं लग्न झालं, रविवारी आता तिघं जेवायला असतात. मला कामाचं परमिट मिळालं. एका इमिग्रेशन वकिलांकडे लोकांचे अर्ज भरते, आणि घरी येताना गाडीत एकटीच गाणी म्हणते. चाललंय छान.

पण त्या दिवशीची सभा अजून संपलेली नव्हती. काका म्हणाले, तक्रार मागे घेतो. वसंतकाका डोळे पुसत उठले आणि म्हणाले, नाही घेता येणार, प्रस्ताव आता सभेचा झालाय, मत घ्यावंच लागेल. धन्य तो माणूस! आणि म्हणणं बरोबर होतं. म्हणून मी विचारलं, अध्यक्षांना पदावरून दूर करावं, बाजूने? नऊ हात. त्यात वसंतकाकांचा, कारण मंजुरी घेतली नव्हती ती नव्हतीच.

“विरोधात?”

पहिला हात काकांचा वर गेला. बाकीचे मागाहून आले असतील, मी पाहिलं नाही. काका एका हाताने टेबल धरून उभे होते, त्यामुळे या वेळी कोपराला धरायला दुसरा हात मोकळा नव्हता. वर गेलेला हात थरथरायला लागला, हळूहळू खाली यायला लागला. श्रीरंग आपल्या जागेवरून उठला, काकांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि त्याने खालून त्यांचं कोपर धरलं. आरोप ज्याच्यावर आहे त्याला मत नाही, असं घटनेत आहे. त्याने दुसऱ्याचा हात धरू नये, असं कुठेच लिहिलेलं नाही. मी दाराकडून मोजायचं सोडलं आणि तिथूनच सुरुवात केली.